चामडे, मीठ आणि क्रोमियम : पालार खोऱ्यातील जलप्रदूषणाची प्रस्तावना

जनावराचे कातडे अंगावरून सुटले की काही तासांतच कुजू लागते. त्याची कूज थांबवून त्याला टिकाऊ, लवचिक आणि पाण्याला दाद न देणारे करणे म्हणजे कातडी कमावणे. कमावलेल्या कातडीला चामडे म्हणतात. हा उद्योग पाण्याशिवाय चालत नाही. एक टन कच्चे कातडे कमावताना साधारण ३० ते ४० हजार लिटर सांडपाणी बाहेर पडते आणि हाती येणारे तयार चामडे असते जेमतेम २०० ते २५० किलो. कातड्याचा उरलेला भाग आणि त्यावर वापरलेल्या रसायनांचा मोठा हिस्सा कुठे तरी गेलेला असतो. तो कुठे गेला, याचा माग काढणे हा चर्मोद्योगातील प्रदूषणाच्या अभ्यासाचा गाभा आहे. मीठ आणि धातू कुजत नाहीत, जळून नाहीसे होत नाहीत. ते फक्त जागा बदलतात. हौदातून नाल्यात, नाल्यातून वाळूत, वाळूतून विहिरीत, किंवा प्रक्रिया केंद्रातून गाळाच्या ढिगात.

हा सगळा प्रवास एकाच ठिकाणी पाहायला मिळतो तो उत्तर तमिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात. पालार कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या परिसरात उगम पावते, आंध्र प्रदेशाचा थोडा भाग ओलांडून तमिळनाडूत येते आणि चेन्नईच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागराला मिळते. वाणियंबाडी, अंबूर, पेर्नाम्बूट, मेलविशारम, राणीपेट ही चर्मोद्योगाची गावे याच खोऱ्यात आहेत. २०१९ पर्यंत ती सर्व वेल्लूर जिल्ह्यात मोडत. त्या वर्षी जिल्ह्याचे विभाजन होऊन वेल्लूर, राणीपेट आणि तिरुपत्तूर असे तीन जिल्हे झाले. पालारला वर्षातील बहुतेक काळ वरून पाणी दिसत नाही. तिचे पाणी पात्रातील वाळूखालून वाहते आणि काठच्या विहिरी त्या झिरप्यावर भरतात. म्हणून सांडपाणी सोडले तर ते वाहून नेणारा, विरळ करणारा प्रवाह इथे नाही. जे पडेल ते वाळूत मुरते. वाळूच्या खाली आणि खोऱ्याच्या दोन्ही अंगांना कठीण स्फटिकी खडक असल्याने मुरलेले पाणी भेगाभेगांतून सावकाश सरकते, आणि एकदा बिघडलेले भूजल सुधारायलाही तितकाच सावकाश वेळ लागतो.

या भागात कातडी कमावण्याचा व्यवसाय क्रोमियमच्या आधीपासून आहे. दक्षिण भारतातील जुनी पद्धत तरवडाच्या सालीवर आणि हिरड्यावर चालत असे. महाराष्ट्राच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारे तरवडाचे झुडूप तेच. तमिळमध्ये त्याला आवारम म्हणतात. त्याच्या सालीतील टॅनिन कातडीतील कोलॅजन या प्रथिनाला घट्ट धरून ठेवते. शेवटचा हात हिरड्याचा असे, आणि भीमाशंकर, जुन्नर, महाबळेश्वरच्या डोंगरांतला हिरडा या धंद्यासाठी महत्त्वाचा माल होता. अशा रीतीने अर्धवट कमावलेली कातडी ‘ईस्ट इंडिया’ या नावाने मद्रासहून इंग्लंडला जात. कोल्हापुरी चपलेचे चामडेही परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कमावले जाते. या पद्धतीचे सांडपाणी निरुपद्रवी नसते. ते गडद तपकिरी असते, त्यात सेंद्रिय भार पुष्कळ असतो आणि त्यातील टॅनिन लवकर विघटित होत नाही. मात्र त्यात जड धातू नसतो, आणि प्रक्रियेला अनेक आठवडे लागत असल्याने उत्पादनाचा वेगही मर्यादित राहतो.

वेगाचे गणित बदलले ते क्रोमियममुळे. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्त्झ यांनी अमेरिकेत क्रोमियमने कातडी कमावण्याच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती एका टप्प्यात आणली. सालीच्या हौदात आठवडे काढणारे काम फिरत्या ड्रममध्ये एका दिवसात होऊ लागले. चामडे मऊ, उष्णता सोसणारे आणि कुठलाही रंग घेणारे बनले. आज जगातील बहुसंख्य चामडे क्रोमियमवर कमावले जाते. भारतात या बदलाला सरकारी धोरणाचीही जोड मिळाली. १९७० च्या दशकात केंद्र सरकारने कच्च्या कातड्यांची निर्यात थांबवली, अर्धवट कमावलेल्या मालावर कोटा घातला आणि तयार चामडे व चामड्याच्या वस्तू यांना प्रोत्साहन दिले. देशात रोजगार राहावा आणि परकीय चलन वाढावे हा हेतू रास्त होता. त्याच काळात पश्चिम युरोपातील टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याचे कारखाने, वाढत्या मजुरीमुळे आणि पर्यावरणाच्या कडक नियमांमुळे कमी होत गेल्या. परिणामी प्रक्रियेतील सर्वांत घाण टप्पे पालारसारख्या कोरड्या खोऱ्यांत एकवटले, आणि त्यांचे सांडपाणी सामावून घेण्याची कुठलीही व्यवस्था आधी उभी राहिली नाही.

कोणते प्रदूषक कुठून येते हे समजण्यासाठी प्रक्रियेचा क्रम पाहणे आवश्यक आहे. कत्तलखान्यातून येणारे कातडे खारवलेले असते. टॅनरीत ते प्रथम पाण्यात भिजवून मीठ, रक्त आणि माती धुतली जाते. मग चुना आणि सोडियम सल्फाइड यांच्या हौदात टाकून केस सोडवतात आणि आतल्या बाजूची चरबी व मांस यंत्राने खरवडून काढतात. त्यानंतर अमोनियम क्षारांनी चुना उतरवतात, विकरांनी कातडी मऊ करतात आणि गंधकाम्ल व मीठ यांच्या द्रावणात ती आम्लयुक्त करतात. एवढी तयारी झाल्यावर ड्रममध्ये बेसिक क्रोमियम सल्फेट घालतात आणि हळूहळू आम्लता कमी करत क्रोमियम कातडीत बसवतात. बाहेर येणाऱ्या फिकट निळ्या ओल्या कातडीला धंद्यात ‘वेट ब्लू’ म्हणतात. पुढे ती एकसारख्या जाडीची करण्यासाठी तासतात, पुन्हा कमावतात, रंगवतात, तेल पाजतात आणि पृष्ठभागावर लेप देतात. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलते, आणि प्रत्येक वेळी काही ना काही बाहेर पडते. भिजवणीतून मीठ, चुन्याच्या हौदातून सल्फाइड व प्रथिनांचा गाळ, ड्रममधून क्रोमियम आणि तासणीतून क्रोमियमयुक्त कीस.

या सर्वांत मिठाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि पालार खोऱ्यात सर्वाधिक नासाडी त्यानेच केली आहे. कातडे खारवताना त्याच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के मीठ लागते. भिजवणीत त्यातील बरेचसे पाण्यात उतरते. पुढे आम्लप्रक्रियेतले मीठ आणि सल्फेट त्यात मिसळतात. सेंद्रिय द्रव्ये जिवाणूंकडून कुजवता येतात, क्रोमियम चुन्याने गाळाच्या रूपात खाली बसवता येते, पण विरघळलेले मीठ या दोन्ही उपायांना जुमानत नाही. पृष्ठभागावरील पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात विरघळलेल्या क्षारांची कमाल मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. टॅनरीच्या एकत्रित सांडपाण्यात त्यांचे प्रमाण याच्या कित्येक पट असते. मीठ मुरले की आधी विहिरीचे पाणी मचूळ होते, मग जमिनीत सोडियम साचून मातीची घडण बिघडते. भात आणि ऊस करपतात, नारळाची फळे लहान होतात. उत्पन्न घसरत घसरत जमीन पडीक राहते.

क्रोमियमचा जमाखर्च अधिक नेमकेपणाने मांडता येतो. कमावण्यासाठी तयार केलेल्या एक टन ओल्या कातडीला साधारण ८० किलो बेसिक क्रोमियम सल्फेट लागते, आणि त्यात मूळ धातूचे प्रमाण सुमारे १४ किलो असते. नेहमीच्या पद्धतीत त्यातील ६० ते ७० टक्केच कातडीत बसते. म्हणजे दर टनामागे चार ते साडेपाच किलो क्रोमियम पाण्याबरोबर जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने चार किलो क्रोमियम आठ कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते. प्रत्यक्षात एवढे सगळे क्रोमियम पाण्यात विरघळून राहत नाही. बराच भाग गाळाला आणि मातीच्या कणांना चिकटतो. धोका टळला असे मात्र त्यातून होत नाही, तो गाळात आणि मातीत साठून राहतो.

क्रोमियम कोणत्या रूपात आहे, यावर त्याचे विषारीपण ठरते. टॅनरीत वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम. ते पाण्यात कमी फिरते, पेशींत सहज शिरत नाही आणि तुलनेने कमी घातक असते. षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात सहज विरघळते, भूजलाबरोबर दूरवर जाते आणि पेशींच्या आवरणातून आत शिरून गुणसूत्रांना इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमच्या संयुगांना मानवी कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत असलेल्या पहिल्या गटात ठेवले आहे. एका रूपातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग बंद नाही. मातीतील मँगनीजची ऑक्साइडे त्रिसंयुजी क्रोमियमचे काही प्रमाणात षट्संयुजीत रूपांतर करू शकतात, आणि चामड्याचा कीस किंवा गाळ उघड्यावर जाळल्यास तेच घडू शकते. उलट, भरपूर सेंद्रिय द्रव्य आणि लोह असलेल्या मातीत षट्संयुजीचे पुन्हा त्रिसंयुजी होते. म्हणून एखाद्या जागेच्या तपासणीत एकूण क्रोमियमचा आकडा पुरेसा नसतो. रूप आणि मातीचे रसायन दोन्ही नोंदवावे लागतात.

राणीपेटमध्ये षट्संयुजी क्रोमियमचा स्रोत टॅनरीपेक्षा वेगळा आहे, तरी तो याच साखळीचा दुवा आहे. टॅनरीला लागणारे क्रोमियम क्रोमाइट खनिजातून येते आणि देशातील जवळजवळ सर्व क्रोमाइट ओडिशात, मुख्यतः सुकिंदा खोऱ्यात सापडते. हे खनिज सोडा व चुन्याबरोबर भट्टीत भाजून सोडियम क्रोमेट आणि मग डायक्रोमेट बनवतात. मळी किंवा सल्फर डायऑक्साइड वापरून त्याचे क्षपण केले की टॅनरीचे बेसिक क्रोमियम सल्फेट तयार होते. भट्टीतून उरणाऱ्या राखेसारख्या अवशेषात षट्संयुजी क्रोमियम राहून जाते. राणीपेटच्या तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स या कारखान्याने १९७० च्या दशकापासून हे उत्पादन केले, आणि तो १९९० च्या दशकात बंद पडला तेव्हा आवारात अशा अवशेषाचे लाखाहून अधिक टनांचे ढीग मागे राहिले. पावसाळ्यात त्यांतून झिरपणारे पाणी पिवळे असते, आणि तो पिवळेपणा क्रोमेटचा असतो. २००६ मध्ये अमेरिकेतील ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातील सर्वाधिक प्रदूषित दहा ठिकाणांच्या यादीत राणीपेटचा समावेश केला. कारखाना बंद झाल्याने नवा अवशेष थांबला, जुन्याचे झिरपणे थांबले नाही.

हानीचा पहिला मोठा हिशेब न्यायालयात मांडला गेला. वेल्लूर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल दिला. त्या वेळी तमिळनाडूच्या पाच जिल्ह्यांत ९०० हून अधिक टॅनरी चालू होत्या. कृषी विद्यापीठाच्या वेल्लूर येथील संशोधन केंद्राच्या पाहणीचा दाखला देत निकालात नमूद झाले की टॅनरीपट्ट्यातील सुमारे ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाली आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच हानीची किंमत मोजावी आणि हानीची निश्चित खात्री पटण्याची वाट न पाहता खबरदारी घ्यावी, ही दोन्ही तत्त्वे देशाच्या पर्यावरण कायद्याचा भाग असल्याचे या निकालाने ठरवले. प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड झाला आणि भरपाई ठरवण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश निघाला. त्या प्राधिकरणाने पुढे सुमारे २९ हजार बाधितांना मिळून सुमारे २७ कोटी रुपये मंजूर केले. विभागून पाहिले तर एकेका बाधिताच्या वाट्याला सरासरी दहा हजारांहून कमी रक्कम येते. विहीर आणि जमीन दोन्ही गमावलेल्या कुटुंबासाठी ही भरपाई किती अपुरी आहे, हे वेगळे सांगायला नको. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला याच खोऱ्याबद्दल पुन्हा आदेश द्यावे लागले. राज्य सरकारने भरपाई आधी द्यावी, ती प्रदूषकांकडून वसूल करावी आणि देखरेखीसाठी उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, असे त्यांचे स्वरूप आहे.

प्रदूषणाचा पहिला फटका टॅनरीतील कामगारांना बसतो. क्रोमियमच्या सततच्या स्पर्शाने हातापायांना इसब होते. षट्संयुजी क्रोमियमच्या धुळीत काम करणाऱ्यांना दमा, नाकातील पडद्याला छिद्र पडणे आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका असतो. सर्वांत झटपट जीव घेतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू. चुन्याच्या हौदातील सल्फाइडयुक्त पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळले की तो सुटतो. कमी प्रमाणात त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे टाकी साफ करायला उतरलेल्या माणसाला धोक्याची सूचनाच मिळत नाही, आणि त्याला वाचवायला उतरणारे सहकारीही त्याच टाकीत बेशुद्ध पडतात.

१९९० च्या दशकापासून छोट्या टॅनरींचे सांडपाणी एकत्र करून त्यावर काम करणारी सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांनी सेंद्रिय भार आणि पाण्यातील क्रोमियम निश्चित कमी केले. मात्र पाण्यातून काढलेले क्रोमियम गाळात आले, आणि गाळ ठेवण्याचा प्रश्न नवा उभा राहिला. ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीतील एका केंद्राच्या गाळटाकीची भिंत फुटली आणि शेजारी झोपलेले दहा कामगार त्या गाळाखाली सापडून मरण पावले. मिठासाठी पुढे ‘शून्य द्रव विसर्ग’ हा उपाय आला. त्यात उलट परासरणाने शुद्ध पाणी परत मिळवतात आणि उरलेले खारे द्रावण वाफेच्या यंत्रांत आटवतात. नदीत काही सोडावे लागत नाही, पण वीज व इंधन पुष्कळ खर्च होते आणि शेवटी सल्फेट, क्लोराइड व सेंद्रिय अंश यांचे मिश्र मीठ उरते. त्याला ग्राहक नाही. ते शेडमध्ये साठवून ठेवावे लागते, आणि छप्पर गळले की तेच मीठ पुन्हा जमिनीच्या वाटेला लागते.

भरपूर पाण्याच्या नदीकाठीही हिशेब फारसा वेगळा लागत नाही. गंगाकाठच्या कानपूरमधील जाजमऊच्या टॅनरींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९८७ रोजी स्पष्ट केले की किमान वेतन देऊ न शकणाऱ्या कारखान्याला जसा चालण्याचा हक्क नाही, तसाच प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा न उभारणाऱ्या टॅनरीलाही नाही. त्यानंतर तिथे शहराचे मैलापाणी आणि टॅनरीचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणारे केंद्र झाले. त्यातून निघणारे पाणी आसपासच्या गावांच्या शेतीला दिले गेले, आणि क्रोमियम पाण्यातून शेतात पोचले. बांगलादेशात ढाक्याच्या हजारीबागमधील टॅनरी २०१७ मध्ये सावरला हलवल्या गेल्या. बुरीगंगेवरचा भार धलेश्वरीवर सरकला. नदीत क्रोमियम कमी दिसू लागले म्हणजे प्रदूषण घटले, असा निष्कर्ष म्हणून घाईने काढता येत नाही. ते कोणत्या शेतात, कोणत्या ढिगात किंवा कोणत्या दुसऱ्या नदीत गेले, हेही तपासावे लागते.

खरा फरक पडतो तो द्रव्य उगमाशीच अडवल्याने. खारवलेले कातडे भिजवण्यापूर्वी जाळीच्या ड्रममध्ये फिरवून किंवा ब्रशने झाडून सुटे मीठ काढता येते. शीतगृह जवळ असेल तर खारवणेच कमी करता येते. विकरांनी केस सोडवल्यास सल्फाइड कमी लागते. ड्रममधील वापरलेले क्रोमियम द्रावण वेगळ्या नळाने नेऊन, मॅग्नेशियम ऑक्साइडने त्यातील क्रोमियम खाली बसवून आणि गंधकाम्लात पुन्हा विरघळवून, नव्या खेपेला वापरता येते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने बाहेरून पाणी न घालता क्रोमियमने कमावण्याची पद्धत विकसित केली आहे. तिच्यात क्रोमियम कातडीत अधिक बसते आणि क्षारांचा भारही घटतो. या उपायांतील बहुतेक तंत्र साधे आहे. अडचण आहे ती छोट्या टॅनरींकडे जागा व भांडवल नसण्याची, आणि पाणी फुकट टाकता येत असेल तोवर ते वाचवण्यात कुणाचा फायदा नसण्याची.

जे आधीच मुरले आहे त्याचा विचार वेगळा करावा लागतो. षट्संयुजी क्रोमियमचे ढीग आधी पावसापासून झाकणे, त्यांच्याभोवती झिरपा अडवणे आणि मग फेरस सल्फेटसारख्या क्षपणकाने त्याचे त्रिसंयुजीत रूपांतर करून सुरक्षित भूभरावात ठेवणे, हा रूढ क्रम आहे. खारावलेल्या भूजलाला इतका थेट उपाय नाही. नवे मीठ थांबवून पावसाचे पाणी जास्तीत जास्त मुरवणे आणि विरळ होण्याची वाट पाहणे एवढेच हाती राहते. त्याला पिढीभराचा काळ लागू शकतो. या काळात गावांना बाहेरून पिण्याचे पाणी पुरवणे ही दया नव्हे, ती ज्यांनी विहिरी बिघडवल्या आणि ज्यांनी बिघडू दिल्या त्यांच्याकडील थकबाकी आहे.

चामड्याची किंमत कोण मोजतो, हे दोन मर्यादा शेजारी ठेवल्यावर दिसते. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला स्पर्श करणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत किलोमागे ३ मिलिग्रॅम किंवा अधिक षट्संयुजी क्रोमियम असल्यास विक्रीला बंदी केली. बूट घालणाऱ्याच्या पायाचे रक्षण व्हावे म्हणून हा नियम काटेकोर तपासला जातो आणि निर्यातदार तो पाळतात, कारण न पाळल्यास माल परत येतो. सांडपाण्यासाठी भारतातही लेखी मर्यादा आहे : षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम. ती मोडली तर परत येण्यासारखा माल नसतो. बिघाड विहिरीत राहतो आणि तो सिद्ध करण्याचे ओझे विहिरीच्या मालकावर पडते. बुटातील क्रोमियम मोजायला जी तत्परता दिसते, तीच अंबूरच्या विहिरीसाठी आणि राणीपेटच्या ढिगासाठी दाखवली जाईल, तेव्हाच या उद्योगाचा जमाखर्च पूर्ण मांडला गेला असे म्हणता येईल. त्या मांडणीतील प्रत्येक नोंद, म्हणजे किती आले, किती चामड्यात बसले, किती उरले आणि उरलेले आज कुठे आहे, हाच या विषयाच्या पुढील अभ्यासाचा क्रम आहे.